काचेवरची पेन्सिल

आप्पा, तुमची एक काच मी टर्पेंटाइननं पुसली. तुरुंगाच्या कचेरीत, तहसीलदारांच्या समोर, खिडकीतल्या उजेडात धरून पुसली. काच घराबाहेर न्यायची नाही आणि पेन्सिल कुणाला दाखवायची नाही, हे तुमचे दोन्ही नियम एकाच सकाळी मोडले. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ही गोष्ट दुसऱ्या कुणी तुमच्या नावानं सांगत फिरण्याआधी मी सांगावी असं वाटलं, म्हणून लिहिते आहे. बालबोध अक्षरांत लिहिते आहे, कारण ती तुम्हीच शिकवलीत आणि आता या घरात माझ्याशिवाय कुणाला ती वाचता येत नाहीत. तुमचा लेक अण्णा मराठी बोलतो, पण वाचतो तमिळ आणि इंग्रजी. आईला अक्षरओळखच नाही. हा कागद टेबलावर उघडा राहिला तरी मला चिंता नाही.

तुमचं काम मला अजून जसंच्या तसं दिसतं. उत्तरेच्या खिडकीशी तिरकं मेज, त्याला मधोमध भोक, भोकावर फोटोची काच, खाली आरसा. आरशावरून आलेला उजेड काचेतून वर येतो आणि उलटा चेहरा उजळतो, काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा. तुम्ही घासकागदावर पेन्सिल फिरवत बसला आहात, टोक सुईसारखं होईपर्यंत. मग काचेवर राळेचं पातळ वार्निश, ते सुकलं की त्यावर पेन्सिलीचे बारीक, स्वल्पविरामासारखे फटकारे. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, सुरकुत्या, एकेक भरून निघतात. फुगीर किंवा चकाकणाऱ्या जागी पेन्सिल चालत नाही, तिथे तुम्ही पात्यानं खरवडता. तंजावरात म्हणत की तुमच्याकडे फोटो काढला की माणूस गोरा नाही झाला तरी शांत होतो. गिऱ्हाईक काही सांगत नसे आणि तुम्हीही विचारत नसत. भातात मीठ घालताना कुणी विचारतं का, म्हणायचात.

माझ्या गालाचंही तुम्ही विचारलं नव्हतंत. गोकुळाष्टमीला आपल्याकडे तांदळाच्या पिठाच्या गोळ्या तळतात, सीडै. पीठ नीट चाळलेलं नसलं की त्या कढईत फटाक्यासारख्या फुटतात. मी चुलीजवळ वाकून पाहत होते आणि एक फुटली. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत तेल. आई किंचाळली, तुम्ही स्टुडिओतून धावत आलात, माझा चेहरा दोन्ही हातांत धरलात. तुमच्या हातांना हायपोचा, फोटो धुण्याच्या औषधाचा, वास होता. केळीच्या खोडाच्या सोपाचा रस तुम्ही स्वतः पिळून लावत राहिलात, त्या दिवशीचं गिऱ्हाईक परत पाठवून. तेव्हा तुम्ही तो गाल नीट पाहिला होता. पुढे लग्नाचं वय झालं आणि तुम्ही मला त्या उत्तरेच्या उजेडात फोटोला बसवलंत, तेव्हाही नीट पाहिलात, आणि मग मेजाशी बसून पुसून टाकलात.

तिरुवैयारूहून पाहायला मंडळी आली. मुलाच्या आईच्या मांडीवर फोटो. मी कापीचे टंबलर घेऊन बाहेर येते, ठेवते, बसते. ती फोटोकडे पाहते, माझ्याकडे पाहते, आणि आईला अगदी सौम्यपणे म्हणते, “ही धाकटी वाटतं. थोरलीला बोलवा की.” आई उठून आत गेली. तुम्ही कापीचा फेस पाहत बसलात. मीच म्हटलं की थोरली कुणी नाही, फोटोत मीच आहे. “मग हा गाल कुणाचा गे?” असं तिनं विचारलं. टोमणा म्हणून नव्हे, खरंच कळेना म्हणून.

ते गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं की तुम्ही खोटं काढलंत. तुम्ही आवाज चढवला नाहीत. कधीच चढवत नसत. “आरसा सगळ्यांच्या घरी असतो गे. आरशासाठी माणूस माझ्याकडे पैसे देऊन येत नाही. खोटं काय आणि शोभा काय, हे कळायला हात बसावा लागतो. तुझा बसला नाही.” हात बसावा म्हणूनच मी मद्रासला फोटोग्राफी शिकायला गेले, आणि जाताना स्टेशनवर तुम्ही तुमचं पितळी कडेचं भिंग माझ्या हातावर ठेवलंत. माझं शेवटचं वर्ष चालू असताना तुम्ही गेलात, त्यामुळे माझा हात कसा बसला हे तुम्हाला पाहायला मिळालं नाही.

आता सांगते. मी सरकारी इस्पितळात क्ष-किरणांच्या अंधारखोलीत काम करते. तिथे हाड मोडलं असेल तर ते मोडलेलंच दिसावं लागतं. तिथे पेन्सिल नाही. हे मी मुद्दाम निवडलं, आणि अण्णाला वाटतं तसं दुसरं काही मिळालं नाही म्हणून नव्हे. शिवाय पंधरा दिवसांतून एकदा, रजेच्या दिवशी, मी तुमचा जुना कॅमेरा घेऊन तुरुंगात जाते. इथे काही निवृत्त शिक्षक आणि वकील मंडळी आहेत, ती सुटायला आलेल्या कैद्यांना आधीच कागद मिळवून देतात. माणूस दारातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ तुरुंगाचा सुटकेचा कागद असतो आणि बाकी काही नसतं. त्या एका कागदावर शिधापत्रिका मिळत नाही, काम मिळत नाही, खोलीही मिळत नाही. म्हणून तहसीलदाराकडून ओळखीचा दाखला, त्यावर फोटो. पहिल्याच दिवशी जेलरनी सांगितलं की नियमाप्रमाणे कैद्याच्या छातीवर नंबराची पाटी हवी. मी म्हटलं, पाटीचा फोटो तुमच्याकडे आहेच, मला माणसाचा हवा. पाटी असेल तर मी कॅमेरा बंद करून जाते. ते म्हणाले, “तुमचे वडील असते तर असं बोलले नसते, अम्मा.” मी म्हटलं, “ते असते तर आलेच नसते.” पाटी आली नाही. तुरुंगाचे कपडेही दाखल्यावर नकोत, नाहीतर जन्मभर तेच दिसणार, म्हणून मी पिशवीतून एक पांढरा सदरा नेते. जो बसेल तो घालतो. अण्णानं तो दोरीवर वाळत पडलेला ओळखला. “आप्पांचा सदरा तुरुंगात जातो?” मी म्हटलं, दर पंधरवड्याला जातो, आप्पांपेक्षा जास्त फिरला आहे. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मी सदऱ्याला नीळ जास्त घातली.

ज्याची काच मी पुसली तो माणूस त्या सदऱ्यातच माझ्यासमोर बसला. ओरत्तनाडुकडच्या एका खेड्यातला शेतमजूर, तरुणपणी सिलोनला चहाच्या मळ्यावर गेलेला. डाव्या भुवईतून गालापर्यंत एक खोल व्रण, चर पडल्यासारखा. मी त्याला अहोजाहो केलं तेव्हा दाराशी उभा वॉर्डर हसला. मी मान थोडी उजवीकडे करायला सांगितली. त्यानं केली, आणि म्हणाला, “अय्यांनीही असंच सांगितलं होतं.” मला वाटलं जेलरबद्दल बोलतो आहे. तो कॅमेऱ्याच्या लाकडी पेटीकडे बोट दाखवत होता. “याच पेटीनं. पासपोर्टचा फोटो. तुमचे आप्पा ना? ओठ दाबू नकोस रे म्हणाले. फार सुंदर काढला. आईनं एक प्रत देवापाशी ठेवली होती, जखम दिसत नव्हती म्हणून.”

पुढचं त्यानं मला काही कुरकुर न करता सांगितलं. पासपोर्टच्या कागदावर ओळखीची खूण लिहावी लागते. कारकुनानं माणूस पाहून लिहिलं, डाव्या भुवईवर खोल व्रण. तुम्ही माणूस पाहून तो व्रण पुसलात. जाताना बोटीवर कुणी पाहिलं नाही. काही वर्षांनी आई वारली म्हणून तो आला, परत निघाला, तेव्हा धक्क्यावरच्या एका अधिकाऱ्यानं पाहिलं. लिहिलंय व्रण, माणसाला व्रण, फोटोतल्याला नाही. म्हणजे फोटो दुसऱ्याचा, म्हणजे पासपोर्ट चोरीचा. सही करून दाखव म्हटलं. धाकात केलेली सही कुणाची जुळते? पासपोर्ट काढून घेतला. “माझा चेहरा मीच चोरला म्हणाले, अम्मा. तेव्हा हात उचलला गेला.” शिक्षा त्या उचललेल्या हाताची होती. पासपोर्ट कुणाचा, हा प्रश्न तसाच लटकत होता. तो परत मिळायचा तर हा तोच माणूस आहे असा तहसीलदाराचा दाखला हवा. गावात ओळख सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आणि दाखला सुटण्याच्या आधी हवा, कारण सुटकेनंतर थोड्याच दिवसांत त्याचा सिलोनचा परतीचा परवाना संपत होता. एकदा संपला की पुन्हा मिळत नाही. बायको आणि मुलगी तिकडे मळ्यावर. इथे तो परका, तिकडे तो गेलेला.

मी विचारलं, जखम कशाची. पापनाशमकडच्या एका मिरासदाराच्या शेतावर असताना, त्यांच्या कारभाऱ्याची काठी. “बैलाला उगारली होती,” तो म्हणाला, “मी मध्ये आलो.” वॉर्डर पुन्हा हसला, पण या वेळी तोही हसला. तो मिरासदार मला आठवतो, आप्पा. तुमच्या दर्शनी काचेत कितीतरी वर्षं होता, जरीच्या पागोट्यात, गालावर एक सुरकुती नाही. काठीच्या मालकाचा चेहरा तुम्ही गुळगुळीत केलात आणि काठी खाल्लेल्याचाही. दोघांकडून सारखेच पैसे घेतलेत. तुम्हाला हा न्याय वाटला असेल. मला वाटत नाही.

घरी आले आणि काचा काढायला लागले, तेव्हा अण्णा म्हणाला की आता काढते आहेस तर सगळ्याच बाहेर ठेव. त्यानं भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. जुन्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात टाकल्या की चेहरे निघून जातात आणि नितळ काच देवांच्या तसबिरींना बसवतात. मी त्या माणसाची गोष्ट सांगितली. अण्णा मूर्ख नाही, त्याला लगेच कळलं मी काय करणार ते. म्हणाला, कर, पण स्टुडिओचं नाव येऊ देऊ नकोस. “अख्ख्या तंजावरच्या भिंतींवर आप्पांनी काढलेले फोटो आहेत. उद्या प्रत्येक जण विचारील, आमचा खरा कुठाय?” मी म्हटलं, विचारू दे. तो म्हणाला, “तुझं काय जातं? तू भिंतीवर नाहीसच.” हे खरं होतं. त्या तिरुवैयारूच्या दुपारनंतर मी कुणालाही माझा फोटो काढू दिलेला नाही. मी काचांच्या पेट्यांना माझ्या खोलीत कुलूप लावलं आणि भंगारवाल्याला दारातून परत पाठवलं.

काच सापडली. तुमची मांडणी चोख असे, ते मी नाकारत नाही. सापडल्याचा आनंद मात्र झाला नाही, भीती वाटली. पेन्सिल असेल तर वार्निशासकट निघेल आणि खाली व्रण जसाच्या तसा असेल. पातं चालवलं असेल तर थर खरवडून गेला, खाली नुसती काच, आणि तो माणूस कायमचा पुसला गेला. मी खिडकीशी गेले, काच तिरपी धरली, तुमचं भिंग डोळ्याला लावलं. व्रणाची वरची कड फुगीर होती, तिथे तुम्ही पातं चालवलं होतंत. ती गेलीच. पण चर खोल होता, त्यात सावली होती, सावली काचेवर कोरी राहते, आणि कोऱ्या जागी भरायला पेन्सिलच लागते. भुवईपासून गालापर्यंत शिशाची एक बारीक चमक होती. मी काच खाली ठेवली आणि हात पुसले.

ती घरीच पुसून मी प्रत काढली असती तर कुणीही म्हटलं असतं की व्रण हिनंच काढला, बापाची लेक आहे. म्हणून मी आधी जशी आहे तशी एक प्रत काढली आणि कागद मिळवून देणाऱ्या त्या मंडळींतल्या वकिलांना सांगून तहसीलदारांना तुरुंगाच्या कचेरीत बोलावलं. ते आले, उशिरा आले, पण आले. जेलर, वकील, मी, आणि कोपऱ्यात उभा तो माणूस. मी प्रत दाखवली, पासपोर्टवरच्या फोटोशी जुळते हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. मग काच खिडकीशी धरली, कापसावर टर्पेंटाइन घेतलं आणि भुवईपासून खाली एकदाच फिरवलं. कापूस काळा झाला. काचेवर रेघ उघडी पडली, नितळ. तहसीलदारांनी काच हातात घेतली, त्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा काचेकडे. मग अगदी वेगळ्या आवाजात मला विचारलं, “माझ्या लग्नाचा फोटोही तुमच्या वडिलांनीच काढलेला. त्यात माझ्या कपाळावर केस आहेत. ते कधीच नव्हते, होय ना?” मी म्हटलं, काच पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ते म्हणाले, “पाहू नका.” जेलर हसायला लागले. तो माणूस हसला नाही. तो माझ्या हातातल्या काळ्या कापसाकडे पाहत होता.

मग तहसीलदार पुन्हा तहसीलदार झाले. काच बोलत नाही, म्हणाले, कुणीतरी लिहून द्यायला हवं. “तुमच्या वडिलांनी सरकारी कामाच्या फोटोत फेरफार केला, असं सहीनं लिहून देता?” वकिलांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं सौम्य लिहिता येईल असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, सौम्य नको. मी तुमचं नाव लिहिलं, आप्पा, स्टुडिओचं लिहिलं, आणि लिहिलं की त्यांनी गिऱ्हाइकाला न विचारता, त्याच्या चेहऱ्यावरची खूण पेन्सिलीनं आणि पात्यानं काढून टाकली, आणि ही त्यांची नेहमीची पद्धत होती. खाली माझी सही, आणि सहीखाली तुमची मुलगी असल्याचंही लिहिलं. अण्णा म्हणतो मी घराचं नाक कापलं. मला तसं वाटलं नाही तेव्हा, आताही वाटत नाही. तुम्ही म्हणाला होतात, आरसा सगळ्यांच्या घरी असतो. पण आरसा घेऊन कुणी बोटीवर चढत नाही, आप्पा. फोटो घेऊन चढतात.

दाखला त्याच्या सुटकेच्या आदल्या दिवशी आला, त्यावर मी काढलेला फोटो, व्रणासकट. पासपोर्टही वकिलांनी सोडवून आणला. मी सहसा दारापाशी जात नाही, त्या दिवशी इस्पितळातून रजा घेऊन गेले. सदरा फोटोच्या दिवसापासून त्याच्याकडेच होता, तो त्यानं धुऊन, घडी घालून परत दिला. मग दाखला उघडून स्वतःच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, “अय्यांचा जास्त चांगला होता.” मी म्हटलं, हो, होता. “पण हा मी आहे,” तो म्हणाला, आणि दाखला बनियनच्या आत सरकवून बस स्टँडकडे चालू लागला. पोहोचल्याचं पत्र आलेलं नाही. येईलच असंही नाही. तो कुणाला पत्र लिहिणाऱ्यातला वाटला नाही, आणि त्यानं माझे आभार मानावेत असं आपण दोघांनी मिळून काही केलेलं नाही.

तर हे असं आहे. मला क्षमा नको आहे. पुन्हा कुणी असा माणूस आला तर मी पुन्हा पेटी उघडीन, पुन्हा कापूस घेईन, आणि तुमचं नाव पुन्हा लिहीन. तंजावरात जितके चेहरे तुम्ही शांत केलेत तितक्या काचा माझ्या कुलपात आहेत, आणि त्यांच्यावर आता माझा हक्क आहे. माझा हात बसला आहे, आप्पा. तो वेगळ्या कामाला बसला.

एक राहिलं. त्या माणसाची काच शोधताना पेटीच्या तळाशी एक काच तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सापडली. माझी. त्या तिरुवैयारूच्या मंडळींना पाठवलेली. सगळं संपल्यावर मी ती बाहेर काढली, टर्पेंटाइनची बाटली उघडली, कापूस घेतला, आणि आधी एकदा भिंगातून पाहून घ्यावं म्हणून खिडकीशी धरली. इतक्या जवळजवळ फटकारे मी तुमच्या दुसऱ्या कुठल्याच काचेवर पाहिलेले नाहीत. कानापासून हनुवटीपर्यंत, अगदी जिथे तुम्ही सोपाचा रस लावत होतात तिथे. पातं कुठेही नाही. फुगीर कडेवरही नाही, जिथे ते चालवायला हवं होतं. म्हणून नीट पाहिलं तर ती कड थोडी दिसते. त्या बाईंनी नीट पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

हा कागद मी त्याच फडक्यात ठेवणार आहे. काच पुन्हा गुंडाळली आहे. पुसलेली नाही.